पंप गेलाय!

जुन्या पेट्रोल गाडीतला इंधन पंप म्हणजे मुठीत मावणारी, दोन बोल्टांवर इंजिनाच्या बगलेला लटकलेली ओतीव धातूची डबी. टाकी गाडीच्या मागच्या टोकाला आणि खाली, कार्बोरेटर पुढे आणि वर. पेट्रोल आपण होऊन चढण चढत नाही, ते कुणीतरी ओढून आणावं लागतं, आणि हे काम ही डबी करते. गाडी नीट चालते आहे तोवर मालकाला तिचा पत्ताही नसतो. गाडी रस्त्यात बंद पडली की मात्र पाच मिनिटांच्या आत सगळा आळ तिच्यावर येतो. कोल्हापुरात हा आळ घ्यायला मेकॅनिक लागत नाही, बॉनेट उघडं दिसलं की पुरतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पंप निर्दोष असतो. तो निर्दोष आहे हे टप्प्याटप्प्याने सिद्ध करत जाणं, आणि ते अजिबात सिद्ध होईनासं झालं तरच त्याला खाली उतरवणं, याला निदान म्हणतात.

पंपाची रचना साधी आहे. डबीच्या मधोमध रबरी कापडाचा पडदा ताणलेला असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनातल्या कॅमशाफ्टवर एक फुगवटा असतो. शाफ्ट फिरला की फुगवटा पंपाच्या दांडीला ढकलतो, दांडी पडदा खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. फुगवटा पुढे सरकला की पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर लोटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. आलेलं परत जाऊ नये म्हणून येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर एकेक झडप. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर पंपाची दांडी ४०० वेळा हलते. एवढ्या हालचालीतून निघणारा दाब चौरस इंचाला अवघा २ ते ५ पौंड असतो. चाकातली हवाही याहून कितीतरी जास्त दाबाची असते. कार्बोरेटरची वाटी भरली की तिथली सुई पेट्रोलची वाट बंद करते. मग पडदा खालीच अडकून राहतो, स्प्रिंग दाबलेली राहते आणि दांडी मात्र सहकारी संस्थेच्या संचालकासारखी नियमाने हजेरी लावत राहते. सभेला येते, काम काही नसतं.

पंप नव्हता तेव्हाही गाड्या चालत होत्या. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला पंप नव्हता. टाकी उंचावर, कार्बोरेटर खाली आणि पेट्रोल उताराने वाहत यायचं. टाकीत पेट्रोल कमी आणि समोर तीव्र चढ असला की कार्बोरेटर टाकीच्या वर जाई आणि इंजिन उपाशी मरे. तेव्हा चालक गाडी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढत. गगनबावड्याचा करूळ घाट असा पाठमोरा चढायचा असता तर कोकणाशी सोयरिकी जुळवताना लोकांनी दोनदा विचार केला असता. पुढे इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या निर्वात टाक्या आल्या, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की नेमकी त्याच वेळी ही ओढ कमी व्हायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डायफ्रामचा पंप रुळला आणि पुढची साठेक वर्षं त्याला कुणी हलवलं नाही.

कोल्हापुरातली सर्वांत मानाची जुनी गाडी म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांची १९३० च्या दशकातली मेबॅक. दसऱ्याला ती दसरा चौकात येते तेव्हा सगळं गाव तिच्याकडे बघतं आणि तिचा पंप कसा आहे असं विचारण्याची कुणाची छाती होत नाही. इथे विचार आहे तो तिच्या गरीब भावंडांचा, म्हणजे एमएच ०९ ची पाटी मिरवणाऱ्या किंवा त्याही आधीच्या नंबरच्या गाड्यांचा. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, जिला आजही सगळे फियाटच म्हणतात. उत्तरपाड्याची अँबॅसिडर, जिचं उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबलं. कार्बोरेटरवाली मारुती ८००. एखादी पेट्रोल जीप. या गाड्या विकायच्या नसतात आणि रोज चालवायच्याही नसतात. वडिलांनी घेतलेल्या असतात, घरासमोर उभ्या असतात आणि पाडव्याला, दसऱ्याला हार घालण्यापुरत्या पुसल्या जातात. पंपाला सर्वांत वाईट काय असेल तर हे उभं राहणं. पडदा पेट्रोलने ओला असला की मऊ राहतो. महिनोन्महिने कोरडा पडला की कडक होतो आणि पुढे हार घालून नारळ फोडून गाडी सुरू केली की पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत तडकतो. गाडी पूजेने चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पूजेनंतर बंद का पडली, याचं मात्र दरवेळी आश्चर्य वाटतं.

बंद पडण्याची जागा मिरजकर तिकटी असो, गंगावेस असो की दाभोळकर कॉर्नर, पुढचा क्रम ठरलेला असतो. कोल्हापुरात बॉनेट उघडणं ही खासगी बाब राहत नाही. जाणारा थांबतो, थांबलेला वाकतो आणि वाकलेला बोलतो. यात उद्धटपणा नसतो. ज्या शहराच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीची ऑइल इंजिनं घडली आणि ज्या जिल्ह्यातला ऊस पंपाच्या पाण्यावर वाढला, तिथल्या माणसाला पंप या विषयावर मत नसणं ही मोठी नामुष्की आहे. जमलेल्यांपैकी निम्म्यांची गावाकडे विहिरीवर नाहीतर नदीला मोटर असते. त्यामुळे 'फूटव्हॉल्व्ह बघा आधी' हा सल्ला मोटारगाडीलाही मिळतो. गंमत अशी की तो अगदीच चूक नसतो, कारण आत येणाऱ्या वाटेवरची झडप हे पंपाचं नेहमीचं दुखणं आहे.

पहिला तज्ज्ञ बॅटरी उतरल्याचं सांगतो. सेल्फ खणखणीत फिरत असला तरी सांगतो. दुसरा म्हणतो, "कचरा आलाय." हे निदान कधीच खोटं पडत नाही, कारण जुन्या टाकीतल्या पेट्रोलमध्ये थोडा कचरा असतोच. तिसऱ्याला बोलण्यात रस नसतो. त्याला धक्का मारायचा असतो. जवळपास तालीम असेल तर धक्का मारायला माणसं बोलवावी लागत नाहीत, थांबवावी लागतात. ढकलून गाडी सुरू होते ती बॅटरी किंवा सेल्फ गेला असेल तर. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच नसेल तर गाडी बिंदू चौकापर्यंत ढकलली काय आणि रंकाळ्यापर्यंत ढकलली काय, ती फक्त तिथे पोचते. चौथा माणूस मोटरसायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून निकाल देतो. "पंप गेलाय भावा, विषय संपला." आणि निघून जातो. तो बरोबर होता की चूक, हे बघायला तो थांबत नाही, म्हणूनच त्याचं मत सर्वांत ठाम असतं.

पुस्तकातला क्रम याच्या बरोबर उलट चालतो आणि तो टाकीपासून सुरू होतो. टाकीत पेट्रोल आहे का, हा पहिला प्रश्न. तो विचारला जात नाही, कारण मालकाला तो अपमान वाटतो. "कालच टाकलंय की वो," असं उत्तर येतं. किती, हे सांगितलं जात नाही. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा हे माप नसून मत असतं. टाकीतला फ्लोट अडकला की काटा वर्षभर पाऊण टाकीवर ठाम राहतो. म्हणून टाकीत काडी घालून बघायची. काडी म्हणजे बांबूची. आगकाडी पेटवून टाकीत डोकावल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात, पण त्या नेहमी दुसऱ्याच कुणीतरी सांगितलेल्या असतात. ज्याने डोकावलं तो सांगायला येत नाही.

पेट्रोल आहे असं ठरलं की पुढचा प्रश्न म्हणजे दोष करंटचा की पेट्रोलचा. त्यासाठी एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या नरड्यात बघायचं आणि ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढायची. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आलेलं आहे, आणि पंपाने निदान आतापर्यंत तरी आपलं काम केलेलं आहे. मग कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि प्लग यांच्याकडे वळायचं. पिचकारी उडाली नाही तर पेट्रोलच्या वाटेवर मागे मागे जायचं. इतका हा साधा फाटा आहे. तरी रस्त्यावर तो सहसा चुकतो, कारण प्लग काढणं हे काम दिसायला जास्त मर्दानी आहे.

तिसरी परीक्षा बाटलीची. कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडवून त्याचं टोक बाटलीत धरायचं, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलला वीज आणणारी वायर काढायची आणि सेल्फ मारायचा. पंप ठीक असेल तर बाटलीत ठसठशीत पिचकाऱ्या पडतात, इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक. पिचकाऱ्या जोमदार असतील तर पंप सुटला. अपराधी पुढे आहे. कार्बोरेटरची सुई चिकटली असेल नाहीतर जेट तुंबला असेल. या परीक्षेच्या वेळी वाकलेल्या मंडळींपैकी एकाच्या बोटांत पेटलेली बिडी असतेच. विझवायला सांगितलं की तो दोन पावलं मागे सरकतो आणि तिथूनच, बिडीने दिशा दाखवत, मार्गदर्शन चालू ठेवतो. परीक्षा त्याला तिसऱ्या गल्लीत पाठवल्यावरच करावी.

बाटली कोरडी राहिली तरी पंपावर लगेच शिक्का मारायचा नसतो. टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवायचा, पंपाच्या आत घेणाऱ्या तोंडावर बोट ठेवायचं आणि पुन्हा सेल्फ मारायचा. बोट ओढलं जात असेल तर पंप बिचारा ओढतो आहे, मागून काही येत नाही. इथे तपास पंपाच्या मागे जातो आणि खरा रस या मागच्या भागातच आहे. टाकीतून निघणारा पाइप गंजाने बुजलेला असतो. बसवल्यापासून कुणी न बदललेला फिल्टर तपकिरी झालेला असतो. रबरी नळीला चीर पडलेली असते. या चिरेची खोड अशी की तिच्यातून पेट्रोल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे खाली डाग नाही, वास नाही, पुरावाच नाही. पंप हवा ओढत राहतो आणि नाव त्याचं खराब होतं.

सगळ्यांत साळसूद आरोपी म्हणजे टाकीचं झाकण. पेट्रोल जसजसं संपतं तसतशी टाकीत हवा शिरायला हवी, त्यासाठी बऱ्याच गाड्यांच्या झाकणाला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. छिद्र धुळीने बुजलं, किंवा झाकण हरवून त्या जागी प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधली गेली, की टाकीत निर्वात तयार होतो. काही किलोमीटर गेल्यावर पंपाला ओढता येईनासं होतं आणि गाडी बंद पडते. कुणीतरी पेट्रोल बघायला झाकण उघडतो, फुस्स असा आवाज होतो, हवा आत शिरते आणि गाडी सुरू होते. त्या क्षणी जो माणूस बॉनेटखाली काहीतरी करत असेल त्याच्या नावावर दुरुस्ती जमा होते. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की त्यालाच फोन जातो. पंपाची बदली या झाकणापायी किती वेळा झाली असेल, याची नोंद कुठल्याच गॅरेजमध्ये ठेवलेली नाही.

बोटाला ओढ लागलीच नाही, तर मात्र पंपाची पाळी आली. पडदा फाटला असेल, झडप बसत नसेल, दांडी झिजली असेल, किंवा दोन बोल्ट ढिले होऊन पंप इंजिनापासून जरा दूर सरकला असेल. शेवटचा प्रकार दहा-पंधरा सेकंदांत बरा होतो, म्हणून तो आधी बघायला हवा, आणि म्हणूनच तो शेवटी बघितला जातो. पडदा फाटला तर पेट्रोल दोन वाटांनी जातं. बऱ्याच पंपांच्या बुडाला इशारा म्हणून छिद्र ठेवलेलं असतं, तिथून ते ठिबकतं. किंवा ते इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं. दुसरी वाट घातक आहे. ऑइलची डिपस्टिक काढून बघितली तर पातळी वाढलेली दिसते आणि वास पेट्रोलचा येतो. पण वास कोण घेतो? "आमची गाडी ऑइल खात नाही, उलट घालते," असं अभिमानाने सांगणारे मालक याच टप्प्यावर भेटतात. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना वंगण देत नाही. अशा वेळी नुसता पंप बदलून भागत नाही, ऑइलही बदलावं लागतं. नाहीतर मुठीएवढ्या डबीची उधारी अख्ख्या इंजिनाकडून वसूल होते.

यापलीकडचा एक दोष असा आहे की त्यात कुठलाच भाग बिघडलेला नसतो. त्याचं माहेर घाटात आहे. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना, किंवा रत्नागिरीकडून आंबा घाट चढताना, मे महिन्यातल्या दुपारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असते. वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला वारा कमी. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात, त्यातून पंप ओढतो तिथे दाब कमी असल्याने आणखी लवकर. पाइपात पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप वाफ दाबत बसतो, ती दबते, पुढे काहीच जात नाही आणि गाडी शेवटच्या वळणावर थांबते. याला व्हेपर लॉक म्हणतात. घाटातला उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. फडकं टाकायचं, पंधरा-वीस मिनिटं दरी बघायची, करवंदं खायची आणि सेल्फ मारायचा. अमेरिकेत जुन्या चालकांनी याच दुखण्यावर पेट्रोलच्या पाइपाला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून बघितले होते. चिमट्यांनी काही होतं का, यावर तिथे अजून एकमत नाही. ओल्या फडक्यावर मात्र सह्याद्रीत सगळे एक आहेत.

फडक्याने गाडी सुरू झाली की एक गडबड होते. थंड झाल्यावर सुरू होणं ही फक्त वाफेची खूण नाही. तापलेली इग्निशन कॉइलसुद्धा विश्रांती मिळाली की पुन्हा कामाला लागते. तेव्हा फडकं आधी पंपावर, आणि गुण आला नाही तर हात सुका करून कॉइलला स्पर्श करून बघायचं. कॉइल हात लावू देत नाही इतकी तापली असेल तर पंपाला माफी. फाटलेला पडदा मात्र करवंदांनी बरा होत नाही. हा फरक लक्षात ठेवला तरी निम्मं निदान झालं.

अलीकडे पंपाच्या शत्रूंमध्ये एका घरच्या माणसाची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण वाढत वाढत २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आलं. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसातून येतं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या ते बनवतात. जुन्या पंपाच्या पडद्याचं आणि नळ्यांचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर भेगाळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि जुन्या टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे बसलेला थर सोडवून थेट फिल्टरकडे पाठवतं. म्हणजे मालकाच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो, तिथून डेपोत, डेपोतून पेट्रोल पंपावर, आणि फिरून घरी येऊन वडिलांच्या फियाटचा डायफ्राम खातो. उसाचं बिल वेळेवर आलं नाही म्हणून तक्रार करणाऱ्याला हा माल मात्र घरपोच मिळतो. उपाय सरळ आहे. पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्यायच्या आणि फिल्टर लवकर बदलायचा.

दोष पंपाचाच ठरला की प्रश्न उरतो बदलायचा की दुरुस्त करायचा. जुने पंप स्क्रूंनी जोडलेले असत, ते उघडून किट टाकता येतं. किट म्हणजे पडदा, झडपा आणि पॅकिंग. नंतरचे पंप कडा दुमडून कायमचे बंद केलेले आले, ते उघडायचे नसतात असं कंपनी म्हणते. बाबूराव पेंटरांनी १९१० च्या दशकात ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावाला 'उघडायचं नसतं' हे वाक्य कळत नाही. उद्यमनगरात दुमडलेली कडा लेथवर उतरवून पंप उघडणारा, आत दुसऱ्याच गाडीचा पडदा बसवणारा आणि वरून स्क्रू मारून देणारा माणूस सापडू शकतो. तसा पंप चालतोही. तो किती दिवस चालेल, हे विचारलं की उत्तर "बघा की चालवून" असं येतं, आणि त्याहून प्रामाणिक हमी दुसरीकडेही मिळत नाही. नवा घ्यायचा तर काउंटरवर तीन जाती असतात. ओरिजिनल, ओरिजिनलसारखा, आणि 'चालतोय, लई लोक नेत्यात'. बंद झालेल्या गाड्यांच्या बाबतीत पहिली जात बहुतेक वेळा संपलेली असते. जुना पंप हातात घेऊनच दुकानात जावं. दांडीची लांबी, तिचा बाक आणि नळ्यांची तोंडं डोळ्यांनी जुळवून बघावीत, कारण खोक्यावर लिहिलेलं गाडीचं नाव ही निव्वळ सदिच्छा असते.

किट घरी टाकायचं तर पंप उघडण्याआधी दोन्ही भागांवरून कानशीने एक आडवी खूण करावी. खूण न करता उघडलेला पंप परत बसतो, पण नळ्यांची तोंडं उलट्या दिशेला बघतात. नवा पडदा बसवल्यावर स्क्रू शेवटचे आवळताना दांडी दाबून पडदा खाली ओढून धरायचा. नाहीतर तो ताणलेलाच बसतो आणि महिन्याभरात फाटतो. हे एक वाक्य किटच्या पाकिटात कागदावर छापलेलं असेल तर तो कागद आधीच हात पुसायला गेलेला असतो.

पंप चढवणं हे दोन बोल्टांचं काम. बॅटरीची मायनस वायर काढायची, टाकीकडून येणारा पाइप बोल्ट घालून किंवा चिमटा लावून बंद करायचा, खाली फडकं धरायचं. कॅमचा फुगवटा पंपाच्या दांडीसमोर असेल तर नवा पंप स्प्रिंगच्या जोराने बाहेर ढकलला जातो आणि बोल्टांचे आटे पकडत नाहीत. मग पोरगं पंप गुडघ्याने दाबून धरतं, मिस्त्री बोल्ट तिरका घालतो आणि आटे जातात. इंजिन थोडं फिरवून फुगवटा पलीकडे नेला की पंप दोन बोटांनी बसतो. दांडी कॅमच्या ज्या बाजूला असायला हवी त्याच बाजूला गेली का, हे चाचपून बघायचं. काही इंजिनांत मध्ये एक सुटी छोटी दांडी असते, ती जुना पंप काढताना निसटून खाली पडते आणि तिचा शोध गटाराच्या जाळीपर्यंत जातो.

पॅकिंगची जाडी हा वेगळाच विषय आहे. पंप आणि इंजिनामध्ये उष्णता अडवणारा बेकलाइटचा तुकडा आणि दोन पॅकिंग असतात. ती नुसती गळती थांबवायला नसतात, दांडी किती आत जाईल हेही तीच ठरवतात. पॅकिंग जाड झालं की दांडीची हालचाल घटते आणि नवाकोरा पंप अर्धपोटी काम करतो. तुकडाच वगळला तर दांडीवर जोर येतो आणि पंप तापतोही जास्त. वेळेला पॅकिंग मिळालं नाही की लग्नपत्रिका कापून बसवण्याची पद्धत आहे. पत्रिकेची जाडी ठीक असते, पण ती ऑइल पिते. त्यातून सोनेरी शाईचे गणपती असलेली भारी पत्रिका निवडली जाते, ती तर बसतही नाही. पॅकिंगचा कागद उद्यमनगरात सुटा मिळतो. तो आणायला गेलेलं पोरगं परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही वेळ गाडी पत्रिकेवर चालत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

पंप बसला तरी पाइप रिकामे असतात. बऱ्याच पंपांना हाताने हलवायची छोटी दांडी असते, ती हलवून वाटी भरायची. दांडी सैल लागली आणि काहीच होत नसेल तर पंप खराब नसतो, कॅमचा फुगवटा अडवून बसलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवलं की दांडीत जीव येतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले पंप दुकानात परत गेलेले आहेत. रबरी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याचा प्रकार गॅरेजांत सर्रास चालतो. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं. तसंच बॉनेटला सलाइनची रिकामी बाटली बांधून, पेट्रोल भरून, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडण्याची युक्ती. पंपाशिवाय गाडी चालते खरी, मॉडेल टीही अशीच चालायची, पण तापल्या इंजिनावर पेट्रोलची बाटली टांगून तावडे हॉटेलपासून शहरात येणं हे गाडी चालवणं नव्हे.

मारुती ८०० मध्ये २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलची फवारणी करणारी यंत्रणा, आली. आता त्या गाड्याही जुन्या झाल्या. त्यांचा पंप विजेवर चालतो, टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि दाब चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास देतो. चावी 'ऑन'ला नेली की मागून एकदोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर पंपाला वीज पोचत नाही, किंवा पंप मेला. दाभोळकर कॉर्नरला ही गुणगुण ऐकू येणं शक्य नसतं, म्हणून एकाने टाकीच्या तोंडाला कान लावायचा आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. आधी फ्यूज बघायचा, मग रिले. अनेक गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच जातीचा असतो, त्यांची अदलाबदल करून बघता येते. गाडी सुरू होते आणि हॉर्न बंद पडतो. कोल्हापुरात हा आधीच्यापेक्षा मोठा बिघाड समजला जातो.

वीज पोचूनही पंप गप्प असेल तर टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोके मारतात. झिजलेले ब्रश हलतात आणि पंप जागा होतो. तो घरी पोचवतो, दुसऱ्या दिवशीची खात्री देत नाही. हे पंप मरण्याचं एक कारण म्हणजे नेहमी शंभराचं पेट्रोल टाकण्याची सवय. पंपाला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोलच. टाकी कायम तळाला असली की पंप कोरडा तापतो. बदलण्याआधी फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पाइपातला दाब जातो. हे विसरलं तर पाइप सोडताक्षणी पेट्रोल तोंडावर उडतं. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच खाली उतरवावी लागते, आणि ती उतरवायच्या आदल्या दिवशीच नेमकी कधी नव्हे ती फुल केलेली असते.

नवा पंप बसून गाडी सुरू झाली की दहा मिनिटं तशीच चालू ठेवून सांध्यांवर बोट फिरवायचं. ओलं लागलं तर क्लिप आवळायची. जुना पंप टाकून द्यायचा नसतो, तो फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला जातो, स्टेपनीच्या शेजारी, जिथे याआधीचा जुना पंपही असतो. इंजिनाला लटकणाऱ्या जुन्या जातीच्या पंपाचे दोन्ही बोल्ट नव्या पॅकिंगवर एकदा तापून थंड झाले की पुन्हा आवळावे लागतात, कारण पॅकिंग दबतं. म्हणून मिस्त्री सांगतो, "मालक, उद्या सकाळी गाडी थंड असताना आणा, दोन मिनिटांचं काम हाय." मालक हो म्हणतात. गाडी चालू असते, त्यामुळे आणत नाहीत.